मृद आरोग्य पत्रिका आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील फळबागा : एक चिकित्सा

केंद्र शासनाने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथून मृद आरोग्य पत्रिका योजनेचा आरंभ केला. सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन अशा बारा घटकांची नोंद शेतकऱ्याच्या हाती देणारा हा उपक्रम स्तुत्य आहे, यात शंका नाही. तथापि अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील फळबागांना ही पत्रिका कितपत पुरेशी ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

योजनेच्या मूळ सूचनांनुसार बागायती क्षेत्रात २.५ हेक्टरांस एक आणि जिरायतीत १० हेक्टरांस एक नमुना घेतला जातो. म्हणजे शेजारच्या बांधावरील मातीचे निष्कर्षही आपल्या नावावर येऊ शकतात! शिवाय हा नमुना वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटर थराचा असतो. गव्हासाठी तो चालेल; डाळिंब वा मोसंबीच्या मुळांचे काय चालले आहे, हे त्यावरून कळत नाही. ठिबकखालच्या बागेत तर ओल्या वर्तुळाच्या कडेला क्षार साचतात. त्यामुळे नमुना कोठून घेतला, यावरच उत्तर बदलते.

परंतु खरा आक्षेप वेगळा आहे. प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांखालील राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव या भागांतील काळ्या जमिनी बहुतांशी चुनखडीयुक्त असून त्यांचा सामू आठच्या आसपास वा वर असतो. पत्रिकेच्या बारा रकान्यांत मात्र चुनखडीला स्थान नाही. सामू एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. अशा जमिनीत फेरस सल्फेट टाकले तरी त्याचे लवकरच अविद्राव्य रूपात परिवर्तन होते. ईडीटीएयुक्त लोहही या सामूला टिकत नाही. ईडीडीएचए टिकते, पण ते महाग. डीटीपीए पद्धतीने लोह दशलक्ष भागांत ४.५ भागांहून कमी आढळल्यास जमीन लोह-न्यून मानली जाते. हा आकडा उपयुक्त असला, तरी चुनखडीचे प्रमाण ठाऊक नसता उपाय कोणता, हे तो सांगत नाही.

या उणिवेवर पान-देठ परीक्षण हा उतारा सुचविला जातो. द्राक्षात खरड छाटणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी पाचव्या पानाचा देठ घेण्याची पद्धत रूढ आहे आणि नत्र, पालाश यांबाबत ती विश्वसनीय ठरली आहे. लोहाबाबत मात्र ती फसवते. चुनखडीच्या जमिनीतील पिवळ्या पडलेल्या पानात एकूण लोह हिरव्या पानाइतके, कधी अधिकही, आढळते. ते पानात असते, पण कार्यक्षम नसते. म्हणूनच कत्याल व शर्मा यांनी १९८० मध्ये ऑर्थो-फिनॅन्थ्रोलिनने ‘सक्रिय लोह’ मोजण्याची पद्धत मांडली. एकूण लोहाचा आकडा ‘पुरेसा’ पाहून बागायतदार निश्चिंत राहतो आणि शेंड्याची पालवी पिवळीच येत राहते. असा अहवाल नसलेला बरा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ जिल्ह्यातच असल्याने तज्ज्ञतेची वाण नाही. चुनखडीचे मापन तर आम्ल-अल्कली अनुमापनाने कोणत्याही पदवी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत होऊ शकते. त्यासाठी लागते हायड्रोक्लोरिक आम्ल, ब्युरेट आणि द्वितीय वर्षाचा एक प्रकल्प. तसा तेरावा रकाना महाविद्यालयांनी आपापल्या परिसरातील बागांपुरता भरून द्यावा, ही सूचना येथे करावीशी वाटते.