खूण मधोमध, तरी भूमिती चुकलेली

शर्यतीच्या मोटारींची इंजिने बांधणाऱ्यांमध्ये एक नियम हटकून सांगितला जातो. व्हॉल्व्हच्या दांड्याच्या टोकाला शाई लावावी, इंजिन हाताने फिरवावे. रॉकर आर्मने शाई पुसून केलेली खूण टोकाच्या मधोमध आली, की भूमिती जुळली! आम्हीही बरेच दिवस यावर विश्वास ठेवला. पण कंपासपेटी घेऊन बसलो, तर हा नियम टिकत नाही.

रॉकर आर्म ही पहिल्या प्रकारची तरफ. पुशरॉड तिची एक बाजू वर ढकलतो, दुसरी बाजू व्हॉल्व्हला खाली दाबते. वर्गात आपण भुजांचे गुणोत्तर काढतो (शेव्हरोलेच्या १९५५ सालच्या व्ही-८ इंजिनात ते १.५ होते) आणि थांबतो. खरी गोम पुढेच आहे. व्हॉल्व्ह सरळ रेषेत सरकतो, तर भुजेचे टोक वर्तुळाच्या कंसावर फिरते. तेव्हा ते व्हॉल्व्हवर आडवे सरकणारच. किती, एवढाच प्रश्न.

टेकूपासून टोकावरील रोलरच्या मध्यापर्यंत ३८ मिमी आणि व्हॉल्व्हची उचल १२ मिमी धरू. (रोलर नसलेल्या गोलसर टोकाचे गणित थोडे निराळे.) व्हॉल्व्ह मिटलेला असताना भुजा दांड्याशी काटकोनात असेल, तर पायथागोरसच्या सिद्धान्तानुसार पूर्ण उघडेपर्यंत टोक ३८ − √१३००, म्हणजे सुमारे १.९ मिमी आत सरकते. तोच काटकोन निम्म्या उचलीवर साधला, तर टोक आधी बाहेर जाते आणि तेवढेच परत येते. सरक ३८ − √१४०८, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. चौपट फरक! या आडव्या रेट्याने व्हॉल्व्हचे गाइड झिजते.

म्हणजे पाहायची ती खुणेची रुंदी. खूण कुठे पडते, हे मुख्यतः टेकू व्हॉल्व्हपासून किती दूर आहे यावर ठरते. टेकूचा स्टड व्हॉल्व्हच्या जरा जास्त जवळ बसला असेल, तर भूमिती उत्तम असूनही खूण पलीकडच्या कडेला जाते. मग नियम पाळणारा काय करतो? लांब पुशरॉड घालतो. रॉकर स्टडवर वर चढतो, काटकोन निम्म्या उचलीवरून ढळतो. खूण मधोमध येते खरी, पण रुंद होऊन.

रॉकर आडव्या शाफ्टवर बसवलेले असतील, तर पुशरॉड बदलून टेकू हलतच नाही. शाफ्टच्या बैठकीखाली पातळ पट्ट्या घालाव्या लागतात. नियम सांगणारे हा भेदही सांगत नाहीत.