पाठमोरे वाङ्मय

मराठी समीक्षेने आजवर एखाद्या वाङ्मयप्रकाराची सर्वांत जास्त उपेक्षा केली असेल, तर ती मोटारीच्या मागच्या काचेवरील वाङ्मयाची. ग्रामीण साहित्याला संमेलने मिळाली, बालसाहित्याला संमेलने मिळाली, संमेलनांना अध्यक्ष मिळाले आणि अध्यक्षांना विरोध करणारेही मिळाले. काचेवरच्या साहित्याला मिळाला तो फक्त मागून येणाऱ्याचा हॉर्न. वास्तविक वाचकसंख्या पाहावी तर मराठी कवितासंग्रहाने शरमून मान खाली घालावी. संध्याकाळी गव्हाण फाट्यावर कंटेनर तुंबले की एकेक काच अर्धा अर्धा तास वाचावी लागते. पुस्तक आवडले नाही तर मिटता येते. ही सोय येथे नाही.

मी उलव्याला राहतो आणि स्कूटरवरून फिरतो. माझ्याकडे मोटार नाही, म्हणजे स्वतःची काच नाही. स्वतः कविता न करणारा माणूस कवितेबद्दल जितक्या अधिकाराने बोलतो, तितक्याच अधिकाराने मी या विषयावर बोलू शकतो.

या वाङ्मयाचा सर्वांत मोठा प्रवाह कौटुंबिक. ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ ही त्यातली अभिजात कृती. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या चर्चेत संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे नियम सांगितले. डाव्या कोपऱ्यात आई, उजव्या कोपऱ्यात बाबा आणि मधोमध आशीर्वाद अशी काच पाहिली की समतोल म्हणजे काय ते पहिल्या गिअरमध्येच कळते. विरोध कळायला गाडी चालवणारे चिरंजीव खिडकीतून तोंड बाहेर काढून काय बोलतात ते ऐकावे लागते. मुलांची नावे लिहिणारा उपप्रवाह मला सपक वाटतो. त्यात वाचकाला गुंतवण्याची ताकद नाही. अमुक आणि तमुक ही कोणाची तरी मुले आहेत, बरे, मग?

भक्तिवाङ्मय विपुल आहे. हा मुलूख आगरी-कोळ्यांचा, तेव्हा कार्ल्याची एकवीरा आई इथे दर तिसऱ्या काचेवर विराजमान असते आणि शोभते. व्यावसायिक साहित्य म्हणजे ‘प्रेस’, ‘पोलीस’, ‘वकील’. याला मी साहित्य मानत नाही. ही पावती आहे, दंडाची पावती टाळण्यासाठी आधीच फाडलेली. हॉर्नविषयक ट्रकसाहित्य हा शेजारचा प्रांत. आपण काचेपुरते बोलू.

मजकुराविषयी एवढे बोलल्यावर कागदाविषयीही बोलले पाहिजे. जिच्या मागे डिकीचे वेगळे पोट सुटलेले असते त्या गाडीला सेडान म्हणतात. तिची मागची काच उघडत नाही, खाली होत नाही. डिंकाने चिकटवलेल्या तिकिटासारखी ती जन्मभर एका जागी बसते. नीट पाहिलेत तर तिच्यावर आडव्या बारीक रेघा दिसतील. पावसाळ्यात काचेवर धरलेली वाफ उडवण्यासाठी त्या रेघांतून वीज खेळवतात. पण समीक्षकाच्या नजरेला दिसते ते असे की कारखान्याने चक्क आखलेले पान दिले आहे, आणि तरी लोक रेघ सोडून लिहितात! या रेघा आतल्या बाजूला असतात. त्यामुळे आतून चिकटवलेले स्टिकर ब्लेडने खरवडले की मजकुराबरोबर रेघही तुटते आणि तेवढा पट्टा कायमचा धुरकट राहतो. लेखन नेहमी बाहेरच्या बाजूने करावे. काठावर किती लिहावे यालाही सीमा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 100 म्हणतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान 70 टक्के उजेड पलीकडे गेला पाहिजे. बाजूच्या काचांना 50 टक्के पुरतो. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली जो बडगा उगारला तो याच नियमाच्या आधारे. उजेडाची अशी किमान टक्केवारी पुस्तकांना लावली तर काय होईल, हा विचार मी मनातच ठेवतो.

आणि हे पान कसे फाटते? पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते; तिला तडा गेला तरी ती जागेवर राहते. मागची बहुधा टफन्ड असते. काच सहाशे अंशांच्या वर तापवायची आणि दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत सोडायचे. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसू पाहतो. परिणामी बाहेरून दाब आणि आतून ताण. थोडक्यात, मार्चअखेरीचा कॅशियर. एरवी बुक्की मारली तरी हलणार नाही. पण एखादा टोकदार दगड नेमका लागला की सगळी एकदम जाते, खडीसाखरेचा डबा उपडा केल्यासारखी.

आमच्या तळमजल्यावरच्या काकांची अशीच गेली. काका मूळचे जासईकडचे आगरी. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर जी इमारत उठली तिच्यात त्यांचे घर, आणि वरती आम्ही बाहेरून आलेले चाकरमाने. खडी वाहणाऱ्या एका डंपरने मागून पुढे जाताना प्रसाद दिला. उलव्यात दगडाला तोटा नाही. विमानतळासाठी सुमारे 90 मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरवली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. तिथे एका काचेची काय कथा?

काका काठी घेऊन माझ्या दारात उभे. “तुमी बँकेत ना? विम्याचं सांगा.” बँकेत असणाऱ्याला विमा, शेअर, प्राप्तिकर आणि मुलीचे स्थळ यातले सगळे कळते असा समज आहे. मी पॉलिसी घेऊन बसलो. त्यातले एक वाक्य मला फार आवडले: रबर-प्लास्टिकच्या वस्तूंवर 50 टक्के घसारा, काचेवर घसारा शून्य. दहा वर्षांची काचसुद्धा विम्याच्या दृष्टीने नवी! मनुष्यप्राण्याच्या बाबतीत इतका उदार दृष्टिकोन मी आस्थापना विभागात कधी पाहिला नाही.

पण मी वाणिज्य शाखेचा. मी पुढचे वाचतो. काकांना पाच वर्षे दावा न केल्याची 50 टक्के सूट मिळत होती. एक दावा केला की ती शून्यावर येते, आणि मग 20, 25, 35, 45 अशी पायरी पायरीने चढत पुन्हा 50 ला पोचते. गाडीच्या नुकसानीचा हप्ता सुटीआधी 8000 रुपये धरा आणि दर वर्षी तोच ठेवा. पहिल्या वर्षी 4000 चा फटका, मग 2400, 2000, 1200, 400. एकूण बरोबर 10000. वर पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीने स्वतः सोसायचे 1000. म्हणजे काच 11000 च्या आत बसत असेल तर दावा करणे म्हणजे स्वतःच्याच खिशातून हप्त्याहप्त्याने काच विकत घेणे. ही बेरीज मी काकांना दोनदा दाखवली. ते शांतपणे म्हणाले, “पैशाचं जाऊ दे. काच मिलेल. ह्यो कागद कुठं मिलेल?”

तेव्हा मी गाडी पाहायला खाली गेलो. सगळी काच सीटवर, मागच्या फळीवर, स्पीकरच्या भोकांतून डिकीत सांडली होती. फक्त उजव्या कोपऱ्यात वहीच्या पानाएवढा एक तुकडा रबराला धरून लोंबत होता. त्यावर बाहेरून स्टिकर होते, त्यामुळे मागचे शेकडो दाणे एकमेकांना सोडून गेले नव्हते. स्टिकरवर दि. बा. पाटलांचा चेहरा आणि खाली नाव. बाकी काही नाही. उन्हाने लाल रंग उडून गुलाबी झालेला.

विमानतळाला दिबांचे नाव मिळावे म्हणून 10 जून 2021 ला मानवी साखळी झाली आणि 24 जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, सिडकोवर मोर्चा गेला. त्या पंधरवड्यात काकांनी ते लावले होते. विधिमंडळाने नावाचा ठराव 2022 साली केला, 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचे उद्घाटन झाले, पण काकांची काच या सगळ्याच्या आधीपासून एकच वाक्य बोलत होती. बाहेरून आलेल्या माझ्यासारख्याला दिबा म्हणजे पाच वेळा आमदार, दोन वेळा खासदार, शेतकरी कामगार पक्ष, एवढी माहिती. काकांना ते वेगळे ठाऊक. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जासई आणि नवघरच्या बाजूला जे आंदोलन झाले त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. काका तेव्हा अठरा वर्षांचे, गर्दीत होते. याहून जास्त ते सांगत नाहीत. आमच्या इमारतीखालचा तो साडेबारा टक्क्यांचा भूखंड त्या लढ्यातून आला, हे मात्र नवीन भाडेकरूला ते पाणी किती वाजता येते हे सांगण्याच्या आधी सांगतात.

काच बसवणारा पोरगा दोन दिवसांनी आला. त्याने काकांना विचारले, लाइनवाली पाहिजे की साधी, साधी स्वस्त पडेल. काका म्हणाले, आधी होती तशी. मी नव्या काचेचा कोपरा वाचला. तिथे भारतीय मानक 2553 चा शिक्का असतो. काचेवरचा हा एकच मजकूर कोणी वाचत नाही, आणि तो नसेल तर काच घेऊ नये. मुद्रक-प्रकाशकाचे नाव नसलेले पुस्तक आपण घेतो का? पोराने जुन्या गोंदाचा पातळ थर मुद्दाम ठेवला (त्यावर नवा जास्त धरतो), काचेच्या काळ्या किनारीला प्रायमर लावले, काळ्या गोंदाची जाड वात फिरवली, आणि रबरी वाट्यांनी धरून काच अशी अलगद बसवली की तान्हे मूल पाळण्यात ठेवताना आमच्या घरात एवढी काळजी कोणी घेतली नव्हती. दोन बाजूंच्या तारा जोडून त्याने रेघा गरम होतात का ते हात लावून पाहिले. मग पट्ट्या चिकटवल्या आणि ताकीद दिली: आज गाडी जागची हलवू नका, धुऊ नका आणि एक खिडकी दोन बोटे उघडी ठेवा. सगळे बंद असताना दार धाडकन लावले तर आतली हवा ओल्या गोंदावर काच ढकलते. आमच्या इमारतीत दारे हळू लावणारा एकही इसम नाही, म्हणून काका दिवसभर गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले.

आता प्रश्न दुसऱ्या आवृत्तीचा. उलव्यातल्या रेडियमवाल्याकडे मी काकांबरोबर गेलो. समीक्षक म्हणून हवाच होतो. त्याने संगणकावर नवीन नमुने उघडले. पहिल्यात दिबा, मागे उगवता सूर्य, सूर्यातून उडणारे विमान. दुसऱ्यात दिबा, विमान, खाली शुभेच्छुकांचे आठ चेहरे, प्रत्येकाच्या गळ्यात साखळी. तिसऱ्यात शुभेच्छुक अकरा आणि विमाने दोन. काकांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ तोंड नेले आणि विचारले, “ह्यांच्यात दिबा कुठं हाय?”

मराठी समीक्षेत यापेक्षा नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. कित्येक गौरवग्रंथ वाचून मलाही तो पडला होता. विचारायचे धैर्य झाले नव्हते. पहिल्या आवृत्तीत एक माणूस आणि त्याचे नाव होते. नव्या आवृत्तीत प्रस्तावना, पुरस्कार, ऋणनिर्देश, परिशिष्ट सगळे आहे, आणि लेखक पानाच्या घडीत गेला आहे. रेडियमवाल्याचे म्हणणे, आजकाल हीच चालते. एकट्याचा फोटो कोणी मागत नाही. प्रकाशक असेच बोलतात.

शेवटी चेहरा नकोच असे काकांनी ठरवले. चेहरा घरी होता. तो लोंबता तुकडा त्यांनी पोराला फेकू दिला नव्हता. मागून चिकटपट्टी मारून, जुन्या पंचात गुंडाळून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवला होता. काकी त्याला हात लावू देत नाहीत, दाणे टोचतात म्हणून.

नव्या काचेवर फक्त ‘दि. बा.’ आहे. उजवा कोपरा, बाहेरून, खालून दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मधोमध, पांढरे अक्षर. आखलेल्या पानावर रेघ धरून लिहिलेली ही उलव्यातली मला माहीत असलेली एकमेव कृती. उजेड अडत नाही, समास भरपूर सोडला आहे, वळण शाळेच्या फळ्यावरचे. दोष काढायचाच तर रेडियमवाल्याने ‘बा’ पुढचे टिंब कापताना ते थोडे मोठे झाले आहे. मी ते काकांना दाखवले. ते म्हणाले, राहू दे, लांबून दिसतं.