प्रतिकृत व्हॉल्यूम आणि भिन्न कार्यप्रणाली : ‘एकच साठा’ या दाव्याची चिकित्सा

प्रस्तावना

एकाच माहितीच्या अनेक प्रती निरनिराळ्या सर्व्हरवर ठेवायच्या आणि वापरकर्त्याला मात्र तो एकच साठा म्हणून दाखवायचा, ही प्रतिकृत व्हॉल्यूमची मूळ कल्पना होय. ग्लस्टरएफएस ही मुक्तस्रोत प्रणाली हे तिचे परिचित उदाहरण आहे. रेड हॅटने २०११ मध्ये ग्लस्टर ही कंपनी विकत घेतली. तिच्यावर आधारित व्यापारी उत्पादनाचा आधार २०२४ अखेर संपला असला, तरी मुक्तस्रोत रूप उपलब्ध आहे. अल्प खर्चात गुणपत्रके, प्रबंध व हस्तलिखितांच्या प्रतिमा जपू पाहणाऱ्या महाविद्यालयांना अशी व्यवस्था आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ‘व्हॉल्यूम प्रतिकृत आहे, म्हणून माहिती सुरक्षित आहे’ हे विधान चिकित्सेविना स्वीकारता येत नाही. ही सुरक्षितता व्हॉल्यूम कोणत्या मार्गाने माउंट केला जातो यावरही अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

माउंट करण्याचे दोन मार्ग

लिनक्सवर ग्लस्टरचा स्वतःचा क्लायंट फ्यूजच्या साहाय्याने चालतो. माउंट करताना नाव दिलेल्या सर्व्हरकडून तो केवळ व्हॉल्यूमचा आराखडा घेतो. पुढे सर्व प्रतींशी थेट संबंध जोडून प्रत्येक नोंद त्या सर्वांवर लिहितो. म्हणजेच प्रतिकृती घडवण्याचे काम मुख्यतः क्लायंटकडे असते. त्यामुळे काम चालू असताना एक सर्व्हर बंद पडला तरी दुसऱ्या प्रतीवरून वाचन सुरू राहते. माउंट करतेवेळी आराखडा देणारा सर्व्हरच बंद असण्याची शक्यता गृहीत धरून पर्यायी सर्व्हरची नावे मात्र आधी द्यावी लागतात.

विंडोजला असा क्लायंट उपलब्ध नाही. तेथे साम्बा मध्यस्थ असतो. ग्लस्टरच्या दृष्टीने साम्बा चालवणारा सर्व्हर हाच क्लायंट ठरतो आणि विंडोज त्या एका सर्व्हरशी बांधले जाते. तो बंद पडला की प्रती शाबूत असूनही फाईल हाती येत नाही. सीटीडीबीच्या साहाय्याने त्याचा पत्ता दुसऱ्या सर्व्हरकडे वळवता येतो. पण ती स्वतंत्र योजना आहे, प्रतिकृतीतून आपोआप लाभणारी सोय नव्हे. एनएफएसचा मार्गही बदलला आहे : २०१६ मधील ३.८ या आवृत्तीपासून ग्लस्टरचा अंगभूत एनएफएस सर्व्हर नव्या व्हॉल्यूमसाठी मुळात बंद ठेवला गेला व एनएफएस-गनेशाचा पुरस्कार झाला.

देवनागरी नावांचा प्रश्न

मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने फाईलच्या नावाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये देवनागरी नाव २५५ चिन्हांपर्यंत चालते. लिनक्सवरील एक्सएफएसची मर्यादा मात्र २५५ बाइटची आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेत असल्याने मात्रा व अनुस्वार धरून सुमारे ८५ चिन्हांतच नाव संपवावे लागते. दुसरी अडचण ‘दुसऱ्या’ यासारख्या शब्दांतील ‘ऱ’ची. युनिकोडमध्ये तो एका चिन्हानेही लिहिता येतो व ‘र’ अधिक नुक्ता असाही. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लसमध्ये नाव विघटित रूपात साठवले जाते. लिनक्स ही दोन रूपे भिन्न मानते. परिणामी, डोळ्यांना एकच दिसणाऱ्या नावाच्या दोन फायली शेजारी नांदू शकतात आणि प्रतिकृती त्या दोन्ही निष्ठेने जपते.

प्रतिकृतीची मर्यादा

दोनच प्रती असून त्यांच्यातील संपर्क तुटला आणि दोहोंवर वेगवेगळे लेखन झाले, तर खरी प्रत कोणती, याचा निर्णय प्रणालीला करता येत नाही. यासाठी तीन प्रती, अथवा दोन प्रती व केवळ नोंदी ठेवणारा लवाद, अशी रचना इष्ट ठरते. तसेच चुकून पुसलेली फाईल सर्वच प्रतींतून पुसली जाते. म्हणून प्रतिकृती हा बॅकअपचा पर्याय नव्हे.

निष्कर्ष

१. प्रतींची संख्या हा सुरक्षिततेचा पुरेसा निकष नाही. प्रत्येक कार्यप्रणालीचा माउंट-मार्ग स्वतंत्रपणे तपासला पाहिजे.
२. एक सर्व्हर मुद्दाम बंद करून लिनक्स व विंडोज या दोहोंवरून फाईल उघडून पाहणे, हीच खरी कसोटी होय.
३. देवनागरी नावांचे संकेत आरंभीच ठरवावेत आणि बॅकअप स्वतंत्र ठेवावा.