शीततासांचे माप : सफरचंदाच्या हिवाळी गरजेच्या मोजणीचे परीक्षण

सफरचंदाच्या झाडास फुलण्यापूर्वी थंडी लागते, ही गोष्ट बागाइतदारांस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ती किती लागते हा प्रश्न मात्र विसाव्या शतकातील आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यांत देण्यास आरंभ झाल्यापासूनच त्यातील घोटाळाही सुरू झाला. अमुक वाणास ८०० तास थंडी लागते, तमुक वाणास ३०० तास पुरतात, अशी विधाने रोपवाटिकांच्या पत्रकांत आणि फळशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सर्रास आढळतात. ती वाचणाऱ्याचा समज असा होतो की, फळाचे वजन किंवा सालीचा रंग ह्यांप्रमाणेच हा आकडादेखील त्या वाणाचा अंगभूत गुण होय. हा समज कितपत खरा आहे, ते येथे तपासावयाचे आहे. हा वाद केवळ परिभाषेचा नाही. सफरचंदाची लागवड केल्यापासून भरघोस फळ हाती येईपर्यंत कित्येक वर्षे लोटतात. मूळ आकडा चुकलेला असेल तर ती चूक तितक्या वर्षांनी उघडकीस येते, आणि तिचे मोल बागाइतदारास द्यावे लागते.

प्रथम वनस्पतीची बाजू पाहू. शरद ऋतूच्या अखेरीस झाडाच्या कळ्या सुप्तावस्थेत जातात. थंडीच्या अभावी अनेक झुडपांची वाढ वसंतात नीट सुरू होत नाही, हे कोव्हिल ह्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२० मध्ये दाखवून दिले. बऱ्याच वृक्षांत सुप्तावस्थेचा प्रवेश दिवसाच्या लांबीवर ठरतो. सफरचंद व नाशपाती ही मात्र त्याला अपवाद आहेत. हाइडे व प्रेस्ट्रुड ह्यांच्या २००५ च्या प्रयोगांवरून असे दिसते की, ह्या दोन फळझाडांत दिवसाच्या लांबीचा परिणाम जवळजवळ नाही. सुप्तावस्थेत जाणे आणि तीतून बाहेर येणे ही दोन्ही कार्ये कमी तापमानच घडवून आणते. थंडी अपुरी पडली तर बहर उशिरा येतो व लांबत जातो, पालवी विरळ फुटते, आणि परागासाठी लावलेल्या वाणाची फुले मुख्य वाणाच्या फुलांशी एकाच वेळी उमलत नाहीत. यास्तव सफरचंदाच्या बाबतीत तापमानाच्या मापाला अधिकच महत्त्व येते.

मापांपैकी सर्वांत जुने म्हणजे शीततास. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या पीचबागांतून ते पुढे आले, आणि वाइनबर्गर ह्यांच्या १९५० च्या लेखामुळे रूढ झाले. ४५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७.२ अंश सेल्सिअस, ह्या मर्यादेखाली पारा जितके तास राहील तितके तास मोजावयाचे. पुढे गोठणबिंदूखालचे तास वगळण्याचीही प्रथा पडली. मापाची सुलभता हा त्याचा मोठा गुण होय. परंतु ७ अंशांचा एक तास पूर्ण धरावयाचा आणि ७.५ अंशांचा मुळीच धरावयाचा नाही, ह्याला शरीरक्रियेचा काय आधार आहे? कळीतील रासायनिक क्रिया अशा एखाद्या रेषेवर एकदम थांबत नसतात. जॉर्जियाच्या हिवाळ्यात ही रेषा उपयोगी पडली, कारण तेथे ह्या रेषेखालील तास आणि खरी परिणामकारक थंडी ह्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे साधारण सारखे राहत होते. तो त्या स्थानाचा योग होता, झाडाचा नियम नव्हे.

हा दोष ओळखून रिचर्डसन, सीली व वॉकर ह्यांनी १९७४ मध्ये युटा पद्धत मांडली. तीत २.५ ते ९.१ अंशांच्या तासास एक पूर्ण एकक, त्याच्या दोन्ही बाजूंस अर्धे, १.४ अंशांखाली शून्य, आणि १६ अंशांवर ऋण मूल्य दिलेले आहे. १८ अंशांवरील प्रत्येक तास एक एकक पुसून टाकतो. उष्ण दुपार आधीच्या थंडीचा परिणाम नाहीसा करते, हा अनुभव ह्या पद्धतीने प्रथमच हिशेबात आणला. तिचे हे श्रेय निर्विवाद आहे.

आता ही दोन मापे शेजारी ठेवून पाहावीत. तीन स्थळे कल्पावीत. पहिल्या स्थळी ६० दिवस अहोरात्र ८.५ अंश तापमान आहे. दुसऱ्या स्थळी रोज १२ तास ५ अंश व १२ तास २० अंश आहे. तिसऱ्या स्थळी सतत उणे ३ अंश आहे. शीततासांनी मोजल्यास पहिल्या स्थळी शून्य, दुसऱ्या स्थळी ७२०, आणि तिसऱ्या स्थळी गोठणबिंदूखालचे तास धरल्यास १४४० व न धरल्यास शून्य. युटा पद्धतीने पहिल्या स्थळी १४४० एकके. दुसऱ्या व तिसऱ्या स्थळी शून्य. एका मापाने जे स्थळ निरुपयोगी, तेच दुसऱ्याने सर्वोत्तम! जगातील हवामाने अशी आदर्श नसतात हे खरे. पण पहिल्याची छटा सौम्य सागरी प्रदेशांत, दुसऱ्याची उपोष्ण खोऱ्यांत, आणि तिसऱ्याची खंडांतर्गत भागांत नित्य आढळते. ‘एक शीततास म्हणजे इतकी युटा एकके’ असे कोष्टक का मांडता येत नाही, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे.

युटा पद्धतही आपल्या जन्मस्थानाबाहेर डळमळते. नाशिकच्या परिसरात जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी २८ अंशांपर्यंत चढतो. तेथील बेरीज ऋणातच जाणार. झाडाने ऋण थंडी भोगली, ह्या विधानाला अर्थ तो काय? दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी ह्यावर उपाय म्हणून ज्या दिवसाची बेरीज ऋण येईल तो दिवस शून्य धरण्याची दुरुस्ती सुचविली. दुरुस्ती उपयुक्त आहे. परंतु मूळ सूत्र सर्वत्र लागू पडत नाही, ह्याची कबुलीच तीत आहे.

तिसरी पद्धत फिशमन, एरेझ व कुव्हियाँ ह्यांनी १९८७ मध्ये मांडली. तिच्यात दोन पायऱ्या कल्पिल्या आहेत. थंडीने कळीत एक मध्यवर्ती पदार्थ तयार होतो. उष्णतेने तो नाश पावू शकतो. तो ठराविक मर्यादेपर्यंत साचला की त्याचा एक कायमचा ‘शीतांश’ बनतो, आणि मग कितीही ऊन पडले तरी तो नष्ट होत नाही. रोजच्या चक्रातील उष्णता आधीची थंडी पुसते, पण बऱ्याच दिवसांच्या थंडीनंतर आलेली उष्णता ती पुसत नाही. शिवाय थंडीच्या आड येणारे मध्यम तापमान परिणाम वाढवितेही. इस्राएलमधील ही प्रायोगिक निरीक्षणे ह्या एकाच कल्पनेने उलगडतात. उष्ण प्रदेशांत हीच पद्धत सर्वांत विश्वसनीय ठरली आहे. मात्र तो मध्यवर्ती पदार्थ गणिताने गृहीत धरलेला आहे, कळीतून वेगळा काढून दाखविलेला नाही, ह्याचा विसर पडू नये.

ल्यूडेलिंग व ब्राउन ह्यांनी २०११ मध्ये जगभरच्या पाच हजारांहून अधिक वेधशाळांच्या नोंदी घेऊन ही मापे एकमेकांशी ताडून पाहिली. एका शीतांशामागे शीततासांचे प्रमाण स्थळानुसार ० पासून ३४ पर्यंत बदलते, असे त्यांना आढळले. एका ठिकाणी काढलेली वाणाची ‘गरज’ दुसऱ्या हवामानात नेणे किती धोक्याचे आहे, ह्याचा याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल. भावी तापमानवाढीच्या अंदाजांनाही हेच लागू आहे. तापमान थोडे वाढले तरी शीततासांची बेरीज इतर मापांपेक्षा अधिक घसरते. म्हणून केवळ त्या मापावर आधारलेले अंदाज सावधपणे वाचावेत.

ह्या तिन्ही पद्धतींवर आणखी एक आक्षेप आहे, आणि तो फारसा घेतला जात नाही. त्या मूलतः पीचवर बेतलेल्या आहेत. सफरचंदासाठी शाल्टाउट व अनरथ ह्यांनी १९८३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात स्वतंत्र सूत्र काढले. पण त्याचाही पाया मुख्यतः ‘स्टार्क्रिमसन डिलिशस’ ह्या एकाच वाणाचा. तसेच वाणाची गरज ठरविण्याची रीत अशी की, हिवाळ्यात वेळोवेळी डहाळ्या कापून उबदार खोलीत ठेवावयाच्या, पुरेशा कळ्या कधी फुटतात ते पाहावयाचे, आणि त्या दिवसापर्यंतची बेरीज म्हणजे वाणाची गरज मानावयाची. म्हणजे गरजेचा आकडा मापातूनच जन्मतो. माप चुकीचे असेल तर गरजही चुकीचीच, आणि दोहोंचा मेळ त्याच स्थळी उत्तम बसतो! ह्या वर्तुळातून बाहेर पडण्याचा मार्ग एकच : वाण एका हवामानात तपासून त्याचे भाकीत दुसऱ्या, भिन्न हवामानात पडताळणे.

पूर्व जावातील बाटू येथील बागा ह्या संदर्भात विचारणीय आहेत. तेथे हिवाळा नाही. तरीही काढणीनंतर हाताने पाने ओरबाडून, कळ्या गाढ सुप्तावस्थेत जाण्यापूर्वीच बागाइतदार त्यांना फुटावयास लावतात, आणि ‘रोम ब्यूटी’ हा मूळचा ओहायोचा वाण तेथे वर्षातून दोन बहर देतो. तेव्हा गाढ सुप्तावस्थेत गेलेल्या कळीलाच थंडीची गरज असते; ती वाणाची निरपेक्ष अट नव्हे.

मोजणीच्या साधनाचाही विचार हवा. अनेक ठिकाणी तासागणिक नोंद नसते. दैनिक कमाल व किमान आकड्यांवरून तासांचे तापमान सूत्राने काढले जाते. तेही पेटीतील तापमापकाचे असते, कळीचे नसते. पुण्याच्या कृषिहवामान विभागाचे आद्य प्रमुख रामदास ह्यांनी आत्मनाथन् ह्यांच्यासह १९३२ मध्ये दाखविले की, निरभ्र शांत रात्री सर्वांत कमी तापमान उघड्या जमिनीलगत नसून काही वीत उंचीवर असते. हवेचे थर इतके भिन्न असता, एका पेटीचा आकडा संपूर्ण उतारावरील बागेचा मानणे साहसाचे आहे.

हिमाचल प्रदेशात ह्या प्रश्नाला प्रत्यक्ष धार आहे. कोटगढ येथे सॅम्युएल स्टोक्स ह्यांनी १९१६ च्या सुमारास आणलेले अमेरिकन ‘डिलिशस’ वाण भरपूर थंडी मागणारे आहेत. हिवाळे सौम्य होत गेले तशा सफरचंदाच्या बागा वरच्या उंचीकडे सरकल्या, आणि खालच्या भागासाठी अल्पशीत वाणांचा शोध सुरू झाला. बिलासपूरच्या हरिमन शर्मा ह्यांचा ‘एचआरएमएन-९९’ हा त्यांपैकी प्रसिद्ध. तो महाराष्ट्रातही लावला गेला आहे. त्यास फळ धरले एवढ्यावरून त्याची शीतगरज शून्य, असा निष्कर्ष काढणे मात्र शीततासाच्याच चुकीची पुनरावृत्ती ठरेल.

सारांश, शीततास हे स्थानिक नोंदीचे साधन म्हणून ठेवावे, परंतु दोन हवामानांच्या तुलनेसाठी वापरू नये. तुलनेसाठी शीतांशांची पद्धत आज अधिक समर्थनीय आहे. आणि कोणताही आकडा छापताना तो कोणत्या मापाचा, कोणत्या स्थळी व कोणत्या वर्षांच्या नोंदींवरून काढला, हे त्यासोबत आलेच पाहिजे. एवढे पथ्य पाळले गेले, तरी अनेक बागा अनाठायी लागण्यापासून वाचतील.