लिंबूटिंबूलाही मोजणारा शूटर

गल्लीतल्या खेळात लिंबूटिंबू कोण, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कुणाचा तरी धाकटा भाऊ, पाहुण्यांची पोरगी, ज्याला नीट पळता येत नाही तो. त्याला खेळायला घेतात, पण तो आउट होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. म्हणजे तो खेळात असतो, हिशेबात नसतो. आमच्या अर्धापुरात हातोहाती पबजी आणि फ्री फायर आले, तेव्हा लिंबूटिंबूची तेवढीही सोय गेली. बॅटल रॉयलमध्ये तो दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला मरतो आणि उरलेला वेळ दुसऱ्याच्या खांद्यावरून खेळ बघत बसतो.

स्प्लाटूनबद्दल लिहायचं ते यासाठी. निन्टेन्डोने हा शूटर मे 2015 मध्ये वी यू कन्सोलवर आणला, 2017 मध्ये स्विचवर दुसरा भाग आणि सप्टेंबर 2022 मध्ये तिसरा. तिसऱ्या भागाच्या एकट्या जपानमध्ये पहिल्या तीन दिवसांत 34 लाखांहून जास्त प्रती खपल्या. आपल्याकडे मात्र स्विच येतो तो मुख्यतः बाहेरून माल मागवणाऱ्या दुकानांतून, त्यामुळे तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हा गेम यूट्यूबवरच पाहिला असेल.

पात्रं म्हणजे माकूळ होऊ शकणारी पोरं. माकूळ म्हणजे स्क्विड. कोकणातल्या वाचकांना सांगायला नको, आमच्या केळीच्या पट्ट्यात सांगावं लागतं. मुख्य प्रकार टर्फ वॉर. चार विरुद्ध चार, तीन मिनिटं. हातात बंदुका आहेत, पण भिंत रंगवायचा रोलर आहे, ब्रश आहे, चक्क बादलीही आहे. वेळ संपली की जड नावाचं एक गुबगुबीत मांजर निकाल देतं : जमिनीचा किती टक्के भाग कुणाच्या रंगाचा. किती जणांना मारलं, हे मांजर विचारत नाही.

या गेमला रंगपंचमी म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. रंगपंचमीत माणूस रंगवायचा असतो. इथे जमीन. हे सडा-सारवणाच्या जास्त जवळचं आहे : एक कोपरा राहिला तरी डोळ्यांना खुपतो, आणि सारवणाऱ्याचा नेम कसा आहे हे कुणी बघत नाही.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. कोड लिहिताना एकाच गोष्टीत चार कामं बसली आणि गुंता झाला नाही, की फार बरं वाटतं. स्प्लाटूनची शाई तशी आहे. ती गोळी आहे. ती रस्ता आहे, कारण आपल्या रंगात माकूळ होऊन पोहलं की वेग वाढतो आणि शत्रूच्या रंगात पाय रुततो. ती लपायची जागा आहे. आणि तीच स्कोअर आहे. टाकी रिकामी झाली की भरायला पुन्हा आपल्याच रंगात बुडी मारायची, म्हणजे आधी कुणीतरी जमीन रंगवलेली हवी. याचा परिणाम असा की नेम चुकला तरी गोळी वाया जात नाही. ती कुठेतरी पडते, आणि जिथे पडते तिथे टीमचं काम होतं. बहुतेक शूटरमध्ये चुकलेल्या गोळीला किंमत नसते.

गेल्या दिवाळीत पुण्याहून मित्राचा स्विच गावी नेला होता. सातवीतल्या मामेबहिणीने रोलर घेतला. एका मॅचमध्ये ती सात वेळा फुटली (इथे मरत नाहीत, फुटतात) आणि शेवटी टीममध्ये सगळ्यात जास्त जमीन तिच्या नावावर होती. फोनवरचे शूटर ती माइक बंद करून खेळते. का, ते मुलींना विचारा. पहिल्या स्प्लाटूनमध्ये व्हॉइस चॅट ठेवलंच नव्हतं. ‘इकडे या’सारखे एकदोन ठरावीक इशारे, बस्स. तेव्हा यावरून बरीच टीका झाली होती. मला तो या गेमचा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

पण भक्त होऊन लिहायचं नाही. टर्फ वॉरमध्ये शेवटचा एक मिनिटच खरा असतो. आधीची सगळी रंगवणूक त्यात पुसली जाऊ शकते. रँक्ड प्रकारांत गेलात की नुसती जमीन रंगवून भागत नाही, तिथे नेमबाजांचंच राज्य. आणि कुटुंबाचा म्हणून मिरवणाऱ्या गेममध्ये स्विचवर एका स्क्रीनवर दोघांना खेळायची सोय नाही. माणशी एक कन्सोल, माणशी एक गेम. आमच्या घरी चार भावंडांत एक फोन फिरायचा. हे ‘कुटुंब’ ज्याने डोळ्यांसमोर ठेवलं, त्याच्या घरात चार स्विच असणार.

वारशाचं म्हणाल तर कौतुक अमाप झालं, वारस फार थोडे. फेब्रुवारी 2024 मध्ये स्क्वेअर एनिक्सने फोमस्टार्स आणला. रंग तसेच, चार विरुद्ध चार, शाईऐवजी फेस. पण त्याच्या मुख्य प्रकारात जिंकायचं ते शत्रू पाडूनच. वर्षभरात त्याचे नवे सीझन थांबले. स्प्लाटूनच्या पहिल्या नमुन्यात पात्रंच नव्हती, टोफूच्या वड्यांसारखे ठोकळे शाई उडवत होते. शाईत लपता येतं म्हणून नंतर माकूळ आला. फोमस्टार्सने नेमकी वरची सजावट उचलली.

मला जास्त रस आपल्या पुण्याच्या सुपरगेमिंगमध्ये आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांनी इंडस हा फोनवरचा बॅटल रॉयल आणला. त्यात कॉस्मियम नावाची वस्तू आहे. शेवटच्या टप्प्यात ती ताब्यात घेतली, तर सगळ्यांना न मारताही जिंकता येतं. बॅटल रॉयलमध्ये मारण्यापलीकडचं ध्येय घालणं हे धाडस आहे, आणि ते अर्धापूरच्या पोराच्या फोनवर पोहोचू शकतं. फक्त ते येतं शेवटी. तोवर लिंबूटिंबू कधीच लॉबीत परत गेलेला असतो. कॉस्मियमचा एखादा तुकडा पहिल्याच मिनिटाला जमिनीवर ठेवला, आणि तो उचलायला नेम लागला नाही, तर काय होईल, हे मला त्यांच्याकडून बघायचंय.