बेचकीतला दगड

जुन्या ड्रॅग रेसिंग गाड्यांवर लिहिणारे बहुधा बांध्याच्या सौंदर्यावर थांबतात. मला तो निकष अपुरा वाटतो. सुमारे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीत मागच्या चाकांवर भार पडावा म्हणून चालकाला त्या चाकांच्याही मागे बसवले. बेचकीतल्या दगडासारखा, म्हणून नाव ‘स्लिंगशॉट’. इंजिन पुढ्यात, गिअरबॉक्स पायांशी. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियात डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला. उजव्या पावलाचा भाग गेला. त्यांनी इंजिन चालकामागे नेले, १९७१मध्ये पोमोनाची शर्यत जिंकली आणि काही वर्षांत स्लिंगशॉट मागे पडली. आमच्या नेरळहून घाट चढून गेल्यावर अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ शर्यतींत रस्त्यावरच्याच गाड्या सुधारून पळवल्या गेल्या. त्यांचे परीक्षणही चालकाच्या आसनापासून सुरू व्हावे.