विद्यार्थ्यांच्या निबंधलेखनातील विचारमांडणीचे आकृतिबंध : एक चिकित्सा

प्रस्तावना :

पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांच्या लेखनाविषयी प्राध्यापकवर्गात होणारी चर्चा प्रामुख्याने शुद्धलेखन, तोकडा शब्दसंग्रह आणि गाईडमधील उताऱ्यांची नक्कल या तीन तक्रारींभोवती फिरते. लेखनातील विचार कोणत्या क्रमाने आले आहेत आणि त्याच क्रमाने का आले आहेत, हा प्रश्न क्वचितच उपस्थित केला जातो. वस्तुतः शुद्ध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचाही विचार विस्कळीत असू शकतो. प्रस्तुत लेखात विद्यार्थ्यांच्या लेखनात आढळणाऱ्या मांडणीच्या प्रमुख आकृतिबंधांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

रूढ आकृतिबंध :

विद्यार्थ्यांच्या लेखनात साधारणतः तीन आकृतिबंध आढळतात. पहिला यादीचा. यात मुद्द्यांना क्रमांक दिलेले असतात; परंतु दुसरा मुद्दा पाचव्या जागी नेला तरी काहीही बिघडत नाही. दुसरा कालक्रमाचा. एखाद्या लेखकाचे वाङ्मयीन वेगळेपण विचारले तरी उत्तर त्याच्या जन्मापासून सुरू होते. तिसरा द्विपक्षी. 'विज्ञान : शाप की वरदान' या सर्वपरिचित विषयाने तो शालेय वयातच रुजवलेला असतो. अर्धा निबंध फायद्यांचा, अर्धा तोट्यांचा आणि शेवटी 'वापरणाऱ्यावर सारे अवलंबून' असा मध्यममार्गी समारोप, असे त्याचे स्वरूप होय. येथे दोन पक्ष शेजारी उभे राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

हे आकृतिबंध मुळात सदोष आहेत असे नव्हे. वनस्पतींचे वर्गीकरण यादीनेच होते आणि इतिहासाला कालक्रम टाळता येत नाही. दोष आहे तो प्रश्न कोणताही असो, साचा तोच वापरण्यात.

एक उदाहरण :

समजा, 'मराठवाड्यातील पाणीटंचाईची कारणे' असा प्रश्न आहे. अपुरा पाऊस, उसाची लागवड, विंधनविहिरी आणि शेतकऱ्याचा कर्जबाजारीपणा असे चार मुद्दे विद्यार्थी क्रमांक देऊन लिहितो. चारही बरोबर असल्याने गुण मिळतात. परंतु हीच सामग्री कार्यकारणाच्या क्रमाने मांडू लागताच प्रश्न निर्माण होतात. पाऊस कमी असताना वर्षभर पाणी मागणारे ऊसाचे पीक का घेतले गेले? उपसा वाढून विहिरी आटल्या म्हणून विंधनविहिरी खोल गेल्या का? त्या खोदण्यासाठी कर्ज काढले असेल, तर कर्जबाजारीपणा हे टंचाईचे कारण की परिणाम? यादीत हा प्रश्न उद्भवतच नाही. म्हणजेच आकृतिबंध हा तयार विचारावर चढवलेला पोशाख नसून तो विचार करण्याचे साधन आहे. ज्या विद्यार्थ्याच्या घरची विहीर आटली आहे, त्यालाही आपल्या अनुभवाची कारणे तपासण्याची संधी यादीचा साचा देत नाही.

परंपरेतील पर्याय :

मांडणीचे शास्त्र ही केवळ पाश्चात्त्य देणगी आहे, असा समज आढळतो. तथापि न्यायदर्शनातील प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन हे पंचावयवी वाक्य म्हणजे युक्तिवादाचा सुस्पष्ट आकृतिबंधच होय. मीमांसेतील अधिकरणाची रचना विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय अशी आहे. 'शाप की वरदान' या साच्यात नेमका संशय आणि उत्तरपक्ष गळालेला असतो. प्रतिपक्षाला उत्तर न देताच निर्णय दिला जातो.

मराठी गद्यातही समर्थ नमुने उपलब्ध आहेत. ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना' (1882) या ग्रंथाच्या शीर्षकातच आकृतिबंध आहे. स्त्रियांवर लादलेले दोष एकेक करून घ्यायचे आणि पुरुष त्यांपासून मुक्त आहेत काय, असे विचारायचे, ही तेथील तुलना प्रतिपक्षाला थेट भिडते. महात्मा जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (1883) शोषणाच्या कारणांकडून शेतकऱ्याच्या स्थितीकडे आणि तेथून अखेरच्या प्रकरणात उपायांकडे जातो. हे ग्रंथ आपण आशयासाठी शिकवतो. त्यांची बांधणी मात्र वर्गात क्वचितच उलगडून दाखवतो.

सांस्कृतिक स्पष्टीकरणाची मर्यादा :

अमेरिकन भाषाभ्यासक रॉबर्ट कॅप्लन यांनी 1966 मध्ये परभाषक विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांवरून असे प्रतिपादन केले की, परिच्छेदाची घडण संस्कृतीनुसार बदलते. इंग्रजी परिच्छेद सरळ रेषेत, तर पौर्वात्य परिच्छेद वर्तुळाकार जातो, असे त्यांनी आकृत्यांनी दर्शविले. या मांडणीने लेखनविचाराला चालना मिळाली हे खरे. परंतु शिकाऊ इंग्रजीवरून मातृभाषेतील विचारपद्धतीचे अनुमान काढणे धोक्याचे आहे, हा त्यावरील आक्षेपही रास्त आहे. आपल्या विद्यार्थ्याच्या विस्कळीत लेखनाचे खापर संस्कृतीवर फोडण्यापूर्वी आपल्या प्रश्नपत्रिका पाहणे अधिक उचित ठरेल. 'टिपा लिहा', 'वैशिष्ट्ये सांगा', 'स्वरूप विशद करा' ही प्रश्नांची भाषा यादीचीच मागणी करते. त्यात मुद्द्यागणिक गुण देण्याची पद्धत असल्यास यादी करणारा विद्यार्थी व्यवहारचतुरच म्हणावा लागेल.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, मांडणीचा दोष हा जितका विद्यार्थ्याचा, तितकाच मूल्यमापनाचा आहे. 'कारणे सांगा' याऐवजी 'यांपैकी मूलभूत कारण कोणते व का' असे विचारता येईल. उत्तरपत्रिका तपासताना 'म्हणून', 'तरीही', 'याउलट' या जोडशब्दांच्या अलीकडील व पलीकडील विधानांचा संबंध खरोखर जुळतो काय, हे पाहता येईल. अंतर्गत मूल्यमापनात एकाच सामग्रीची दोन वेगवेगळ्या क्रमांनी मांडणी करून घेता येईल. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही. मात्र अशी उत्तरे तपासण्यास अधिक वेळ लागेल आणि दोन परीक्षकांच्या गुणांत तफावतही पडेल. ती किंमत मोजण्याची तयारी आपली आहे काय, याचा निर्णय विद्यार्थ्यांच्या लेखनावर अभिप्राय देण्यापूर्वी प्राध्यापकवर्गाने घेणे आवश्यक आहे.